टासची मूव्ही मध्येच डीसिंक होते? आधी गेमचा रँडम कशावर चालतो ते बघा

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, जालना... आमच्या इकडं जुन्या गेमचे टास करणारी पोरं आता बरीच झालीत. टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन: एम्युलेटरवर (जुनं कन्सोल कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) एकेका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, कोणतं बटण ते ठरवून केलेला वेगवान खेळ. त्या बटणांची नोंद असलेली फाइल म्हणजे मूव्ही. पोरांकडून फिरून फिरून एकच तक्रार येते: मूव्ही डीसिंक होते, म्हणजे मध्येच मूळ खेळाशी जुळेनाशी होते. परवा जालन्याच्या एका पोराचा मेसेज होता: “दादा, माझ्याकडं कॉन्ट्रा शेवटपर्यंत बरोबर चालायलंय. तीच फाइल मित्राच्या लॅपटॉपवर लावली की पहिल्याच स्टेजला, दुसरा पूल ओलांडला की गडी मरायलाय. फाइल खराब झाली का?”

फाइल बहुतेक वेळा शाबूत असते. पण लोक तीच फाइल परत डाउनलोड करतात, एम्युलेटर काढून परत टाकतात, आणि शेवटी जिथं गडी मेला तिथली बटणं बदलायला बसतात. हा शेवटचा उपाय सगळ्यात वाईट. गडी मरतो ती जागा आणि बिघाड सुरू होतो ती जागा या दोन वेगळ्या असतात, आणि दोन्हींमध्ये शेकडो फ्रेमचं अंतर असू शकतं.

आधी फाइलमध्ये असतं काय ते बघू. एफसीईयूएक्स हा एनईएसचा (निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलचा) एम्युलेटर, त्याची एफएम२ ही मूव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते. वर डोक्यात थोडी माहिती: आवृत्ती, रॉमचा (गेमच्या फाइलचा) चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, पाल आहे की नाही, कोणत्या पोर्टला कोणता कंट्रोलर. त्याखाली ओळीच ओळी, एका फ्रेमला एक. प्रत्येक ओळीत उभ्या रेघांच्या मध्ये आठ जागा: उजवं, डावं, खाली, वर, स्टार्ट, सिलेक्ट, बी, ए. बटण दाबलेलं असेल तर त्याचं अक्षर, नसेल तर टिंब. संपलं. मारिओ कुठं उभा आहे, समोरून कोण येतंय, किती जीव उरलेत, यातलं काहीही तिथं नाही. फाइल फक्त म्हणते, अमुक फ्रेमला अमुक बटण. बाकी सगळा खेळ एम्युलेटर पहिल्यापासून नव्यानं खेळतो.

हे जमतं, कारण त्या काळच्या कन्सोलमध्ये खरंखुरं नशीब नव्हतंच. गेमला जो आकडा ‘रँडम’ वाटतो तो गेमनं स्वतः हिशेब करून काढलेला असतो. सुरुवात तीच, बटणं तीच, वेळ तीच, तर निकालही तोच. म्हणजे मूव्ही डीसिंक झाली याचा अर्थ या तिन्हींपैकी काहीतरी एक बदललं. काय बदललं ते शोधायचं असेल तर एकाच प्रश्नाचं उत्तर आधी लागतं: या गेमचा रँडम आकडा पुढं कशानं सरकतो? फ्रेमनं, मागणीनं, प्रोसेसरच्या रिकाम्या वेळेनं, की यंत्रातल्या एखाद्या घड्याळानं? उत्तरावर सगळी दुरुस्ती ठरते.

त्याआधी पाच मिनिटांची तपासणी

रॉम. दोघांकडच्या रॉमचा चेकसम जुळला पाहिजे, नाव जुळून उपयोग नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं कॉन्ट्रा आणि मारिओ हे जुन्या ‘९९९९ इन १’ कॅसेटवरून काढलेले, नाहीतर कुठल्यातरी मोठ्या झिप फाइलमधून आलेले असतात. त्यात तीस जीव आधीच देऊन ठेवलेले असतात, कुठं टायटल स्क्रीन कापलेला असतो. कोड एका ठिकाणी बदलला की एखादी फ्रेम मागं-पुढं होते आणि तिथून पुढं सगळं घसरतं. कॉन्ट्राची जपानी आवृत्ती तर मुळातच वेगळी आहे, तिच्यात स्टेजच्या मध्ये जादा दृश्यं आहेत. अमेरिकी मूव्ही तिच्यावर चालणारच नाही.

रीजन. ही अडचण आपल्याकडं जास्त दिसते, आणि त्याला कारण आहे. भारतातला टीव्ही पाल होता, ५० हर्ट्झचा, त्यामुळं नव्वदच्या दशकात इकडच्या घरांत आलेले बरेचसे नकली फॅमिकॉम (एनईएसची जपानी आवृत्ती) ५० फ्रेमवर चालायचे. अमेरिकी एनईएस सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम चालतो. ज्यांनी तो संथ मारिओ लहानपणी खेळलाय त्यांना एनटीएससीचा, म्हणजे अमेरिकी ६० फ्रेमचा, वेग अंगावर येतो. परभणीचे एक सर आहेत, ते एम्युलेटर कायम ५० वर ठेवतात, आणि त्यात काही चूक नाही. फक्त मूव्ही ज्या रीजनमध्ये रेकॉर्ड झाली त्यातच ती वाजवायची. नुसता वेग बदलतो असं समजू नका. एनटीएससीत एका फ्रेममध्ये प्रोसेसरला सुमारे २९,७८० सायकली (कामाचे ठोके) मिळतात, पालमध्ये सुमारे ३३,२४७, आणि ५० हर्ट्झच्या क्लोनसाठी एम्युलेटरमध्ये जो डेंडी मोड असतो त्यात ३५,४६४. या आकड्यांचं महत्त्व कॉन्ट्रापाशी आलो की कळेल.

मग एम्युलेटरची आवृत्ती, जुना पीपीयू की नवा पीपीयू (एनईएसच्या चित्राच्या चिपची एम्युलेटरमधली जुनी नक्कल की नवी), आणि रॅम सुरुवातीला कशानं भरायची ती सेटिंग. यातलं काही एम्युलेटर मूव्हीच्या डोक्यातून वाचून स्वतः लावतो, काही लावत नाही. म्हणून दोन्हीकडं डोळ्यांनी बघा.

आणि गडी नुसता उभा राहून मरत असेल, एकही बटण दाबलं जात नसेल, तर तो डीसिंक नाहीच. इनपुट संपलंय. लाईट गेली आणि फाइल अर्धीच सेव्ह झाली की असं होतं. इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी दर स्टेजला फाइलची वेगळ्या नावानं प्रत काढावीच.

“माझा लॅपटॉप स्लो आहे म्हणून होतंय का?”

नाही. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की लोक रॅम वाढवून आणतात. एम्युलेटर फ्रेम मोजतो, भिंतीवरचं घड्याळ बघत नाही. जुन्या लॅपटॉपवर एक फ्रेम तयार व्हायला अर्धा सेकंद लागला तरी त्या फ्रेमचा निकाल तोच येतो. मूव्ही अडखळत चालेल, आवाज तुटेल, पण मारिओ त्याच विटेवर डोकं आपटेल.

गोंधळ ‘लॅग’ या एका शब्दानं होतो. आपला लॅपटॉप अडखळतो तो वेगळा लॅग. टासमध्ये लॅग फ्रेम म्हणजे गेमनं त्या फ्रेमला कंट्रोलर वाचलाच नाही. पडद्यावर शत्रू जास्त झाले, गेमचं काम वेळेत संपलं नाही, तर ती फ्रेम अशीच जाते, आणि त्या ओळीतलं बटण वाया जातं. एका एम्युलेटरनं एखादी लॅग फ्रेम दाखवली आणि दुसऱ्यानं नाही, की पुढची सगळी बटणं एका घरानं सरकतात. हा लॅग गेमच्या आतला आहे. तुमच्या लॅपटॉपच्या किमतीशी त्याचा संबंध नाही.

अपवाद म्हणजे गेमबॉयच्या ज्या कॅसेटमध्ये खरं घड्याळ असतं त्या, उदाहरणार्थ पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर. तिथं एम्युलेटरला तुमच्या कॉम्प्युटरची वेळ वापरू देऊ नका, मूव्हीसाठी ठरलेली वेळच ठेवा. तसंच लिबटासवर पीसी गेम चालवत असाल तर सिस्टिमची वेळ आणि थ्रेड यांचा वेगळाच विचार करावा लागतो. तो विषय मोठा आहे, इथं घेत नाही.

फ्रेमनं सरकणारा रँडम

सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) हा सगळ्यात सोपा नमुना. मेमरीत हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) ०७ए७ या पत्त्यापासून सात बाइट आहेत. गेम सुरू होताना पहिल्या बाइटमध्ये ए५ टाकलं जातं. मग दर फ्रेमला पहिल्या दोन बाइटमधला एकेक बिट एकमेकांशी एक्सऑर करून (दोन्ही वेगळे असतील तरच १) तो नवा बिट पुढून आत ढकलतात आणि बाकीचे बिट एकेक घर मागं सरकतात. ही साखळी ३२,७६७ फ्रेमनी स्वतःशीच परत येते, म्हणजे साधारण नऊ मिनिटांनी. गेम पॉज केला तरी ती सरकत राहते. एनईएसचा टेट्रिस (१९८९) असाच: १६ बिट, सुरुवातीचा आकडा हेक्स ८९८८, चक्र तेवढंच ३२,७६७ चं. फक्त तुकडा निवडताना मागचाच तुकडा परत आला तर तो एकदा पुन्हा निवडून बघतो, एवढी भर.

पत्त्यांचा जोड आधीच पिसून ठेवलाय, क्रम ठरलेला आहे, आपल्या हातात फक्त पान कधी उचलायचं एवढंच आहे. सगळा लक मॅनिप्युलेशनचा, म्हणजे नशीब आपल्या बाजूनं वळवायचा, खेळ यात आला. म्हणून अशा गेमची मूव्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर सहसा डीसिंक होत नाही. झालीच तर कारण रॉम, रीजन किंवा सुरुवातीची एखाद-दुसरी फ्रेम.

मारिओची मूव्ही बिघडते ती एडिट केल्यावर. तक्रार साधारण अशी असते: १-२ मध्ये वेळ वाचवली, पुढचं सगळं इनपुट जसंच्या तसं चिकटवलं, आणि ८-३ मध्ये हॅमर ब्रदर्सनी मारलं. हा एम्युलेटरचा दोष नाही, गेमची घडणच तशी आहे, आणि ती समजून घेतली तर हाच त्रास कामाला येतो.

मारिओत एक टायमर २१ फ्रेमची फेरी घालत असतो. लेव्हल संपली की पुढची लेव्हल लगेच सुरू होत नाही, ही फेरी पूर्ण होईपर्यंत थांबते. याला फ्रेमरूल म्हणतात. लेव्हलमध्ये चार फ्रेम वाचवल्या पण फेरी तीच राहिली, तर पुढची लेव्हल अगदी त्याच फ्रेमला सुरू होते. रँडमची साखळी त्याच जागी, शत्रू तेच, जुनं इनपुट जुळून जातं. पण वाचवता वाचवता एक फेरी आधी पोचलात, की पुढची प्रत्येक लेव्हल २१ फ्रेम आधी सुरू होते. साखळी २१ घरं मागं असते, आणि हॅमर कधी फेकायचा, कधी उडी मारायची हे सगळं वेगळं निघतं. नुसतं इनपुट २१ ओळी वर सरकवून भागत नाही, ते या कारणानं.

मग करायचं काय? ८-३ ची सुरुवात नवीन धरा. मारिओची चाल जुनीच ठेवा, पण त्या लेव्हलमध्ये फेरी पूर्ण व्हायला किती फ्रेम शिल्लक आहेत ते आधी मोजा. समजा मारिओ झेंड्याला पोचल्यावर फेरी संपायला नऊ फ्रेम उरतात. तर या नऊ फ्रेम तुमच्या खर्चायच्या आहेत. हॅमर ब्रदर पडद्यावर येण्याआधी एक फ्रेम गमवा, बघा. दोन गमवा, बघा. दर वेळी तो शत्रू साखळीतला वेगळा आकडा उचलतो. त्या नऊ फ्रेममध्ये सोयीचा नमुना सापडला तर शेवटच्या वेळेत एका फ्रेमचाही तोटा नाही. बरीच पोरं ही शिल्लक न मोजताच लेव्हल सगळ्यात वेगानं पार करायला बघतात, आणि झेंड्यापाशी त्या फ्रेम तशाच वाया जातात. ८-४ ला मात्र शेवटी ही सवलत नाही, कुऱ्हाडीला हात लागला की वेळ संपली. तिथं प्रत्येक फ्रेम मोजून घ्यावी लागते.

रिकाम्या वेळेनं सरकणारा रँडम: कॉन्ट्रा

जालन्याच्या पोराचं दुखणं इथं आहे. कॉन्ट्रा (१९८८) एका फ्रेमचं सगळं काम उरकतो: गडी हलवतो, गोळ्या हलवतो, कोण कुणाला लागलं ते बघतो. पुढची फ्रेम सुरू व्हायला थोडा वेळ उरतो. तेवढ्यात तो एका छोट्या लूपमध्ये गरगर फिरत बसतो, आणि प्रत्येक फेरीला रँडमच्या बाइटमध्ये फ्रेमचा आकडा मिळवत राहतो. एक फेरी डझनभर सायकलींची. म्हणजे या फ्रेमला काम कमी होतं तर फेऱ्या जास्त, काम जास्त होतं तर फेऱ्या कमी. पळत येणारे सैनिक कधी आणि कसे यायचे ते या बाइटवर ठरतं.

आता वरचे सायकलींचे आकडे आठवा. रीजन बदलला की रिकामा वेळ हजारो सायकलींनी बदलतो. पीपीयूचा मोड बदलला, एम्युलेटरची आवृत्ती बदलली, आणि फ्रेमची सूचना प्रोसेसरला वीस सायकली उशिरा मिळाली, की एखाद-दुसरी फेरी कमी-जास्त झाली. बाइट बदलला. पडद्यावर मात्र लगेच काही दिसत नाही, कारण त्या क्षणाला कुणी नवा सैनिक मागितलेला नसतो. दोन पूल उडेपर्यंत सगळं जसंच्या तसं. मग एक सैनिक चार फ्रेम आधी येतो, आणि आपल्या गड्याची उडी नेमकी त्याच्या अंगावर पडते.

त्या पोराच्या आणि मित्राच्या सेटिंगमध्ये फरक निघाला तो जुन्या-नव्या पीपीयूचाच. मित्राकडं तो बदलला आणि मूव्ही शेवटपर्यंत चालली. पण ते अंदाजानं सापडलं नाही, नोंदी लावून सापडलं. ती पद्धत सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही गेमला लागू पडते.

एम्युलेटरच्या आत चालणारी, ल्युआ भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट लिहा. दर फ्रेमला तिनं एका टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ टाकायची: फ्रेम क्रमांक, ही लॅग फ्रेम आहे का, रँडमचा बाइट, आणि गड्याची आडवी जागा. एफसीईयूएक्स आणि बिझहॉक या दोन एम्युलेटरांमध्ये फंक्शनांची नावं थोडी वेगळी आहेत, पण दोन्हीकडं दहा-पंधरा ओळींत काम होतं. रँडमचा पत्ता माहीत नसेल तर रॅम सर्चमध्ये गडी नुसता उभा ठेवून दर फ्रेमला बदलणारे बाइट गाळत जा, यादी लवकर आटोक्यात येते. मग तीच मूव्ही दोन्ही कॉम्प्युटरवर लावून दोन फाइली काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ शोधा. कुठलंही फाइल जुळवणारं सॉफ्टवेअर चालतं.

त्या ओळीत कोणता रकाना आधी बिघडला ते नीट बघा. रँडम अगदी पहिल्या काही फ्रेमलाच वेगळा असेल तर दोष सुरुवातीच्या अवस्थेत: रॉम, रीजन, रॅम कशानं भरली, नाहीतर जुनी सेव्ह फाइल कॅसेटमध्ये राहिली. लॅगचा रकाना आधी वेगळा झाला तर दोन एम्युलेटरांचा गेमच्या वेगाबद्दलचा हिशेब जुळत नाही. लॅग तोच, जागा तीच, आणि मध्येच रँडम एकटा फुटला, तर कॉन्ट्रासारखा रिकाम्या वेळेचा प्रकार समजा. आणि रँडम शेवटपर्यंत जुळतोय पण गड्याची जागा वेगळी, तर नशिबाला दोष देऊ नका, इनपुटच वेगळं पोचतंय: एखादी ओळ सरकलीय, पोर्ट चुकलाय, किंवा डावं-उजवं एकदम दाबायला एका एम्युलेटरनं मनाई केलीय.

याच घडणीचा कॉन्ट्रात फायदाही घेता येतो. उगाच हवेत मारलेली एक गोळीसुद्धा प्रोसेसरचं काम वाढवते. काम वाढलं की रिकामा वेळ कमी, फेऱ्या कमी, पुढचा सैनिक वेगळा. म्हणून नको तिथं सैनिक येत असेल तर धावण्याचा वेग न मोडता वीस-तीस फ्रेम आधी एक जादा गोळी मारून बघा, किंवा असलेली गोळी एक फ्रेम उशिरा मारा. वेळ जात नाही आणि पुढचं सगळं बदलतं. मला टासमध्ये सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. बघणाऱ्याला ती गोळी फुकट वाटते, पण पुढची अर्धी स्टेज तिच्यावर उभी असते.

त्याच कारणानं कॉन्ट्राची मूव्ही एका एम्युलेटरवरून दुसऱ्यावर ‘कन्व्हर्ट’ करायच्या फंदात पडू नका. ओळी जुळवून ती जुळत नाही. मार्ग आणि चाल घ्या, आणि नशिबाच्या जागा नव्या एम्युलेटरवर परत बसवा.

मागितला की सरकणारा, आणि घड्याळ बघणारा

डूममध्ये (१९९३) २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता आहे. कुणी आकडा मागितला की बोट एक घर पुढं. खेळावर परिणाम करणाऱ्या गोष्टींसाठी एक बोट आणि मेनू वगैरे बाकी गोष्टींसाठी दुसरं, अशी सोय आहे. त्यामुळं डेमो चालू असताना मेनू उघडला तरी राक्षसांचं नशीब बदलत नाही. हा विचार ज्यांनी १९९३ मध्ये केला त्यांचं कौतुक वाटतं. पण एक गोळी जादा मारली तर पहिलं बोट सरकतं आणि दूरच्या खोलीतल्या राक्षसापर्यंत परिणाम पोचतो.

सुपर मारिओ ६४ मध्येही (१९९६) मागणीवरच आकडा सरकतो. १६ बिटांत ६५,५३६ आकडे मावतात, पण त्याचं चक्र ६५,११४ चं आहे. मागणी कोण करतं? पायाखालची धूळसुद्धा करते. मारिओनं एका ठिकाणी धूळ जास्त उडवली की पुढच्या वस्तूला वेगळा आकडा मिळतो. अशा गेममध्ये डीसिंक शोधताना आकडा न बघता मागण्यांची संख्या बघा. कोणत्या फ्रेमला एक मागणी जादा झाली ते सापडलं की ती कुणी केली हे पडद्यावर बहुधा दिसतंच.

पोकेमॉनच्या पहिल्या पिढीत गेमबॉयचं डिव्ह रजिस्टर, म्हणजे आतला सतत वाढत राहणारा मोजक, वाचलं जातं. ते सेकंदाला १६,३८४ वेळा वाढतं, आणि एका फ्रेममध्ये अडीचशेहून जास्त वेळा. म्हणून तिथं सुरुवात अगदी काटेकोर जुळावी लागते. बूट रॉम (यंत्र सुरू होताना गेमच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आहे की नाही, गेमबॉय साधा निवडलाय की कलर, यानं गेम सुरू होतानाच डिव्ह वेगळं असतं. पोकेमॉनची मूव्ही पहिल्याच लढाईत बिघडली तर रॉमच्या आधी बूट रॉमची सेटिंग बघा. बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

सेव्हस्टेटवरून चालतं, सुरुवातीपासून नाही

हे वेगळं दुखणं आहे आणि जीव खातं. मधल्या सेव्हस्टेटवरून (खेळाच्या एका क्षणाची साठवलेली अवस्था) लावलं तर सगळं बरोबर, पहिल्या फ्रेमपासून लावलं की बिघडतं. कारण बहुतेकदा हे असतं: सेव्हस्टेट केल्यानंतर त्याच्या आधीचं इनपुट बदललं गेलं. सेव्हस्टेटमध्ये जुन्या इतिहासाची मेमरी आहे, फाइलमध्ये नवा इतिहास. रॅम वॉचमध्ये एखादा आकडा हातानं बदलून बघितला आणि तिथूनच स्टेट सेव्ह केलं तरी तेच होतं. काही जुन्या एम्युलेटरमध्ये सेव्हस्टेट यंत्राची प्रत्येक बारीक गोष्ट साठवतही नाही.

बिझहॉकच्या टासस्टुडिओत हा धोका कमी, कारण मागं बदल केला की पुढच्या साठवलेल्या अवस्था तो स्वतः रद्द करतो. हातानं रेकॉर्ड करणाऱ्यांनी मात्र दर लेव्हल संपली की मूव्ही पहिल्यापासून, टर्बोवर, एकदा पूर्ण चालवून बघावी. बिघाड एका लेव्हलच्या आत पकडला तर दुरुस्ती तासाभराची असते. पाच लेव्हल पुढं गेल्यावर पकडला तर सगळंच परत.

खऱ्या कन्सोलवर वाजवणाऱ्यांसाठी थोडं

छोटा बोर्ड कंट्रोलरच्या जागी लावून मूव्ही खऱ्या यंत्रावर चालवणारी मंडळी आपल्याकडं अजून थोडी आहेत, पण विचारतात. जगात हे २०१४ पासून जास्त माहीत झालं, जेव्हा टासबॉटनं (मूव्ही खऱ्या कन्सोलवर वाजवणाऱ्या रोबोनं) एका मोठ्या चॅरिटी कार्यक्रमात सुपर मारिओ वर्ल्डमध्ये इनपुटमधूनच कोड घुसवून पाँग आणि स्नेक खेळून दाखवलं.

एनईएसवर मुख्य त्रास डीपीसीएम आवाजाचा, म्हणजे साठवलेल्या नमुन्यांतून वाजणाऱ्या आवाजाचा. तो नमुना वाचायची वेळ आणि कंट्रोलर वाचायची वेळ एकत्र आली की कंट्रोलरला एक ठोका जादा जातो आणि एक बटण गळतं. म्हणून काही गेम कंट्रोलर पुन्हा पुन्हा वाचून दोन वाचनं जुळेपर्यंत थांबतात, आणि फ्रेममागं एकदाच ओळ पुढं सरकवणारा बोर्ड असेल तर ठीक, पण प्रत्येक वाचनाला सरकवणारा असेल तर मूव्ही तिथंच घसरते. बोर्डाची ही सेटिंग आधी तपासा.

एसएनईएसवर (एनईएसनंतरचं सुपर निन्टेंडो) आवाजाचा प्रोसेसर वेगळा, आणि त्याला ठोका देणारा सिरॅमिक रेझोनेटरही वेगळा. गेम आवाजाच्या चिपकडून उत्तराची वाट बघत असेल तर त्या दोन घड्याळांतला फरक लॅग फ्रेम म्हणून बाहेर येतो. रेझोनेटर तापमानाप्रमाणं किंचित हलतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीशीच्या वर असतो, तेव्हा यंत्र सुरू करून थोडा वेळ तापू द्या आणि सलग वाजवण्या त्याच अवस्थेत घ्या. तरीही एका वाजवणीला जुळतं आणि दुसरीला नाही असं होत असेल, तर त्या गेमच्या लोडिंगच्या जागा शोधा आणि तिथं बटण एकाच फ्रेमला न दाबता वीस-तीस फ्रेम दाबून ठेवता येतं का बघा. एखादी फ्रेम इकडं-तिकडं झाली तरी दाबलेलं बटण सापडतं. रॅम सुरुवातीला काय भरलेली असते हेही खऱ्या यंत्रावर दर वेळी वेगळं, त्यामुळं जो गेम न पुसलेल्या रॅममधून रँडमची सुरुवात घेतो तो इथं न निवडलेलाच बरा.

मदत मागताना नुसता पडद्याचा व्हिडिओ पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही. मूव्हीची फाइल पाठवा, रॉम नको, फक्त त्याचा चेकसम. एम्युलेटरचं नाव आणि आवृत्ती, रीजन, पीपीयूचा मोड, रॅम भरायची सेटिंग, गेमबॉय असेल तर बूट रॉम. दोन्ही कॉम्प्युटरवरच्या ल्युआच्या नोंदी जोडा, आणि पहिली वेगळी ओळ कोणत्या फ्रेमची आहे ते मेसेजमध्येच लिहा.